पाळकाचा आठवडा: भक्ती, सेवा आणि माणसे घडवणे

नाशिकचा पाळक (धागाकर्ता):

सर्वांना सलाम. नाशिक शहरातील एका मराठी मंडळीत (चर्चमध्ये) मी पाळक म्हणून सेवा करतो. रविवारची उपासना सोडली तर पाळक आठवडाभर नक्की काय करतो, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांमध्ये मंडळीबाहेरचे जितके असतात तितकेच मंडळीतलेही असतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र कामांची यादी देऊन मिळत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. इतर मंडळींतील अनुभवी लोकांनी त्यावर मोकळेपणाने मत द्यावे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पाळकाच्या आठवड्यात स्वतःची भक्ती, लोकांची सेवा आणि पुढची माणसे घडवणे अशी तीन कामे असतात. ती एकमेकांचा वेळ सतत खात असतात आणि त्यात दर वेळी तिसरे कामच मागे पडते. आजाऱ्याला भेटायला गेलो नाही तर दुसऱ्या दिवशी निरोप येतो, उपदेश कच्चा राहिला तर लोक हस्तांदोलन करतानाच कळते, पण एखाद्या तरुणाला या आठवड्यात वेळ दिला नाही म्हणून कोणीही तक्रार करत नाही. ज्या कामाबद्दल तक्रार येत नाही त्याची वेळ सर्वांत आधी बांधून ठेवली पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

भक्तीविषयी प्रथम. सकाळची वेळ मी बायबलमधील स्तोत्रसंहितेला देतो आणि त्यासाठी 1662 च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातील जुनी विभागणी पाळतो. त्या विभागणीत 150 स्तोत्रे महिन्याच्या 30 दिवसांवर सकाळ-संध्याकाळ अशी वाटलेली आहेत. या पद्धतीत निवड आपल्या हातात राहत नाही, हाच तिचा मोठा गुण आहे. 17 तारखेच्या सकाळी 88 वे स्तोत्र येते, ज्याचा शेवट अंधारातच होतो. आपले मन त्या दिवशी कितीही प्रसन्न असले तरी ते वाचावे लागते, आणि वाचता वाचता ध्यानात येते की आपल्या मंडळीत कोणीतरी नेमके याच अवस्थेत आज उठले असेल. त्यानंतर मी कुटुंबांची वही उघडतो. घरे वस्तीप्रमाणे लिहिलेली आहेत, सातपूर, सिडको, गंगापूर रोड, पंचवटी अशी. रोज त्यातील काही घरांसाठी नावे घेऊन प्रार्थना करतो. रविवारच्या उपदेशाचा उतारा या वेळेत मुद्दाम उघडत नाही, कारण तो उघडला की पाळक वाचायचे सोडून मुद्दे शोधू लागतो.

सेवेचा भाग लोकांना बराचसा माहीत असतो. त्र्यंबक रोडवरील शासकीय रुग्णालयात किंवा खासगी दवाखान्यांत आजाऱ्यांना भेटणे, घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना घरी जाऊन प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) देणे, शाळेच्या प्रवेशाच्या दिवसांत बाप्तिस्म्याचे दाखले काढून देणे, कमिटीच्या बैठका, आणि कोणत्याही दिवशी कोणतेही वेळापत्रक मोडून टाकणारा दफनविधी. आपल्याकडे दफन बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होते, त्यामुळे निरोप आला की तो दिवस त्या घराचा होतो, आणि तो तसाच असावा. घरच्या प्रभुभोजनाबद्दल मात्र एक गोष्ट नमूद करतो. ऐकू फारच कमी येणाऱ्या वृद्धांसमोर मी उपासनाक्रम मोठ्याने वाचतो तेव्हा पुष्कळदा काही पोहोचत नाही. पण प्रभूची प्रार्थना सुरू झाली की माझ्या ओठांच्या हालचालीवरून ती ओळखून ते आपल्या वेगाने म्हणू लागतात, आणि मग मला त्यांच्या मागून म्हणावे लागते. अशा ठिकाणी बरोबर एखादा तरुण असावा असे मला नेहमी वाटते, आणि म्हणूनच माझ्याकडे घडवण्याचे काम वर्गात बसून कमी आणि सोबत फिरून जास्त चालते.

गुरुवारची संध्याकाळ त्यासाठी राखलेली आहे. मोजके तरुण येतात. मार्ककृत शुभवर्तमानाचा एक अध्याय वाचतो, त्यावर कोणी भाष्य करण्याआधी प्रत्येकाने त्यातील न कळलेली एक गोष्ट सांगायची असते, आणि त्यानंतर आम्ही कोणाच्या तरी घरी जातो. प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, जे ऐकलेस ते इतरांना शिकवू शकतील अशा विश्वासू माणसांच्या हाती सोपव, असे सांगितले आहे. त्या एका वाक्यात पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि त्यांनी शिकवायचे पुढचे लोक अशा चार पिढ्या येतात. पाळकाची काही वर्षांनी बदली होतेच. तो गेल्यावर मंडळीत काय राहते, याचे उत्तर मला या वाक्यात दिसते.

सोमवारी मी विश्रांती घेतो. त्यावर वाद होईल याची कल्पना आहे.

जुना देवळालीकर:

पाळकसाहेब, सलाम. मी पाळकाच्या घरात वाढलो, त्यामुळे वाद घालण्याचा थोडा अधिकार माझ्याकडे आहे असे समजतो. आमच्या वडिलांना सोमवारची सुट्टी कधी घेता आली नाही आणि त्यांनी ती मागितलीही नाही. देवळाली कॅम्पात लष्करी कुटुंबे येत-जात असत. कोणाची बदली सोमवारी निघाली तर प्रार्थनेला सोमवारीच जावे लागे. इंग्लंडमध्ये किडरमिन्स्टर येथे 17 व्या शतकात सेवा करणारे रिचर्ड बॅक्स्टर सोमवार आणि मंगळवार, सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत, कुटुंबांना शिकवण्यासाठी देत असत. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबे आणि वर्षभरात 800 हून अधिक कुटुंबांचा पॅरिश पूर्ण, असा त्यांचा हिशेब त्यांनीच 1656 च्या पुस्तकात लिहून ठेवला आहे. आपण ज्याला घडवणे म्हणता ते त्यांनी विश्रांतीच्या दिवशी केले. मोजक्या तरुणांना गुरुवारची एक संध्याकाळ देऊन मंडळी उभी राहील, हे मला पटत नाही. घरे सुटता कामा नयेत.

पाळकीणबाई:

देवळालीकर भाऊ, आपल्या वडिलांविषयी मनापासून आदर आहे. पण बॅक्स्टर किडरमिन्स्टरला असताना अविवाहित होते. त्यांचे लग्न 1662 मध्ये, ते गाव सोडल्यानंतर झाले. आपल्या आईंना त्या सोमवारांविषयी काय वाटत होते, हे कधी विचारले असेल तर इथे जरूर लिहावे.

माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. पाळकाच्या आठवड्याची चर्चा निघाली की त्यात फक्त पाळक दिसतो. मी दुसऱ्या एका मंडळीतील पाळकाची पत्नी आहे. मंडळीतील मुली लग्नाचे स्थळ, नोकरी, घरातील भांडणे, परीक्षेत आलेले अपयश असे सारे घेऊन माझ्याकडे येतात. ते ओट्याशी उभे राहून, भाजी निवडताना ऐकले जाते आणि कोणत्याही अहवालात लिहिले जात नाही. पाळकसाहेबांच्या गुरुवारच्या गटात मुली आहेत का, आणि असतील तर त्यांच्याबरोबर कोण बसते? पुरुष पाळकाने मुलींना एकट्याने मार्गदर्शन करू नये, दार उघडे असावे आणि दुसरी जबाबदार स्त्री हजर असावी, हा नियम आमच्याकडे लेखी आहे. नियम लिहिला म्हणजे कोणावर संशय घेतला असे होत नाही. उलट सर्वांनाच मोकळेपणाने काम करता येते.

लक्ष्मीबाई टिळकांचे शेवटचे दिवस नाशिकमध्येच गेले आणि 1936 मध्ये त्यांचे निधनही इथेच झाले. शाळेचे औपचारिक शिक्षण नसलेल्या या बाईंनी पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन हे काव्य पूर्ण केले. ज्या शहराला हा वारसा आहे तिथे स्त्रियांच्या घडणीचा विषय महिला मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमापुरता उरावा, याची मला खंत वाटते.

नाशिकरोडकर:

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडची व्यवस्था थोडक्यात सांगतो. धर्मगुरूंचा दिवस रोजच्या मिस्साभोवती (प्रभुभोजनाच्या उपासनेभोवती) बांधलेला असतो आणि दिवसाच्या ठरावीक वेळांच्या, म्हणजे प्रहरांच्या, प्रार्थना म्हणणे हे त्यांच्यावर बंधनच असते. ती प्रार्थना आवडीवर सोडलेली नसते. त्यामुळे 88 व्या स्तोत्राचा मुद्दा लगेच समजला. आमच्या परंपरेत ते शुक्रवारच्या रात्रप्रार्थनेत येते, म्हणजे महिन्यातून एकदा नव्हे तर दर आठवड्याला. बाळ येशूच्या वार्षिक यात्रेसाठी फेब्रुवारीत नाशिकरोडला देशभरातून भाविक येतात. त्या दिवसांत कोणाचेच वेळापत्रक शिल्लक राहत नाही, परंतु गर्दी ओसरल्यावर धर्मगुरू पुन्हा त्याच प्रार्थनांकडे वळतात. मला वाटते की आठवडा न मोडणारा असावा, अशी अपेक्षाच चुकीची आहे. मोडल्यावर परत कुठे यायचे ते ठरलेले असले म्हणजे पुरे.

हिशेबनीस:

मी एका पास्टोरेट कमिटीवर (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर) खजिनदार आहे आणि थोडे कडू लिहिणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा असावी. पाळक मोजक्या तरुणांना जवळ करतात तेव्हा मंडळीत त्याला घडवणे म्हणत नाहीत, गट म्हणतात. आमच्याकडे असेच झाले. पाळकांबरोबर फिरणारी मुलेच उपासना चालवू लागली, त्यांच्याच घरची मुले संडे स्कूलच्या नाटकात मुख्य भूमिकेत दिसू लागली, आणि पुढच्या निवडणुकीत कमिटीत सरळ दोन बाजू पडल्या. पाळकांची बदली झाली, ते निघून गेले, भांडण आमच्याकडे राहिले. निवड कशी करता, कोणाला विचारून करता आणि निवडले न गेलेल्यांना काय सांगता, हे पाळकसाहेबांनी स्पष्ट करावे.

जुने शरणपूर:

घडवण्याच्या विषयावर नाशिकचाच एक दाखला द्यावासा वाटतो. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकमध्ये 1832 पासून सुरू झाले आणि 1850 च्या दशकात शरणपूर ही वसाहत उभी राहिली. गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे आणली जात. त्यांना लिहिणे-वाचणे, पवित्र शास्त्र, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. त्या मुलांना कोणी मत विचारले नव्हते आणि मिशनच्या कामावर साम्राज्याची सावली होती, हे विसरून गौरव करण्यात अर्थ नाही. तरीही पुढे काय घडले ते पाहावे.

आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 च्या मे महिन्यात आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी वारले, तेव्हा जवळपास कोणीही दीक्षित धर्मगुरू नव्हता. त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले गेले आणि दफनविधी वाचला तो जेकब वेनराइट या नाशिकच्या शाळेत शिकलेल्या तरुणाने. त्या झाडाच्या खोडावर अक्षरे कोरण्याचे कामही त्यानेच केले. पुढे सोबत्यांनी देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेला, आणि 1874 च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत वेनराइट होता. ज्यांनी त्याला उपासनाक्रम वाचायला शिकवले त्यांच्या स्वप्नातही हा प्रसंग आला नसेल. हिशेबनीसांचा गटाचा मुद्दा खरा आहे, पण घडवणाऱ्याने शिष्याला आपल्याच मंडळीत, आपल्याच नजरेसमोर जागा द्यायची ठरवली तर गट होणारच. शिकवलेले दूर कुठेतरी, शिकवणारा नसताना उपयोगी पडावे हा हेतू असेल तर चित्र वेगळे होते.

गंगेकाठचा:

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी कीर्तनाची परंपरा आहे. आमच्याकडे नवशिक्या प्रथम मागे उभा राहून टाळ धरतो. बुवांच्या मागे अभंगाचे ध्रुपद उचलता उचलता त्याला निरूपणाची चाल कळते आणि पूर्वरंगासाठी, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागासाठी, उभे राहायला वर्षे जातात. आपल्याकडे तरुणाला प्रत्यक्ष उपदेश करायला केव्हा देतात आणि तो चुकला तर मंडळी काय करते, हे जाणून घ्यायला आवडेल.

नाशिकचा पाळक (धागाकर्ता):

सर्व प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. आधी लहान गोष्टी.

पाळकीणबाईंचा नियम पूर्ण मान्य आहे. आमच्या गटात मुली आहेत. मंडळीतील एक निवृत्त शिक्षिका प्रत्येक गुरुवारी बसतात आणि मुलींबरोबरच्या घरभेटींना त्याच जातात. देवळालीकर काकांना नम्रपणे इतकेच सांगतो की बॅक्स्टर यांनी ज्या वाक्यात तो हिशेब लिहिला आहे त्याच वाक्यात त्यांच्या साहाय्यकाचाही उल्लेख आहे. दोघे मिळून ती घरे घेत. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला म्हणजे मोशेला हेच सांगतो, की तू आणि हे लोकही थकून जाल, तेव्हा हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम. 1 राजे या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, आणि पुन्हा झोपू देतो. सोमवारच्या विश्रांतीचे माझे समर्थन एवढेच आहे. मरण, अपघात किंवा अत्यवस्थ आजारी यांसाठी सोमवारीही दार उघडे असते. दाखले आणि वर्गणीच्या पावत्या मंगळवारपर्यंत थांबू शकतात.

हिशेबनीसांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र टाळता येणार नाही. निवड मी एकट्याने करत नाही. वर्षारंभी कमिटीपुढे विषय ठेवतो, उपासनेत जाहीर करतो आणि ज्याला यायचे आहे त्याने यावे असे सांगतो. अट एकच असते, ती म्हणजे घरभेटींना जावे लागेल आणि त्याबद्दल कुठेही बोलायचे नाही. सुरुवातीला पुष्कळ येतात. रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात, औषधांच्या वासात, ओळख नसलेल्या माणसाच्या खाटेजवळ काही न बोलता उभे राहावे लागते तेव्हा संख्या आपोआप मोजकी होते. दुसरे असे की गटातील कोणालाही त्या वर्षी कमिटीची निवडणूक लढवता येत नाही. हा नियम काहींना कडक वाटला, पण जुने शरणपूर यांनी मांडलेला मुद्दाच त्याच्या मुळाशी आहे. शिकणे आणि सत्ता एकाच वर्षी हातात आली की शिकणे थांबते.

आता गंगेकाठचा यांच्या प्रश्नाकडे येतो. आमच्याकडे पहिला उपदेश बहुधा उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दिला जातो. त्या दिवशी बारा ते तीन अशी उपासना असते आणि ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जण बोलतात. लूकमधील तीन, योहानमधील तीन आणि मत्तय व मार्क या दोघांनी नोंदवलेला एक असे ते सात उद्गार आहेत. तिथे तरुणाच्या आधी कोणी बोललेले असते, नंतर कोणी बोलणार असते, त्यामुळे तो अडखळला तरी उपासना पडत नाही.

मागे सातपूरला कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणाकडे ‘मला तहान लागली आहे’ हा योहानाच्या 19 व्या अध्यायातील उद्गार होता. त्याने आणलेल्या पहिल्या मसुद्यात आत्मिक तहान, जगाची तहान, तरुण पिढीची तहान असे सर्व काही होते. मी त्याला फक्त विचारले की नाइट शिफ्टला भट्टीजवळ उभे राहिल्यावर घशाला काय होते. तो बराच वेळ गप्प बसला. पुढच्या गुरुवारी त्याने जे आणले त्यात जीभ टाळूला चिकटणे, थुंकी न गिळता येणे, पाण्याची बाटली चार पावलांवर असून मशीन सोडता न येणे असे लिहिले होते, आणि मग एकच वाक्य होते, की ज्याने विहिरीपाशी शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले त्याला इथे आंब (आंबलेला द्राक्षारस) देण्यात आली. आम्ही त्यातील एक शब्दही बदलला नाही. एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली बसलेल्या मंडळीला ते समजावून सांगावे लागले नाही.

तरुण चुकला तर काय, असेही आपण विचारले आहे. चूक शास्त्राच्या अर्थाची असेल तर मी त्याच आठवड्यात त्याच्याबरोबर तो उतारा पुन्हा वाचतो. बोलण्याची असेल तर मंडळीतील वृद्ध स्त्रिया बाहेर पडताना त्याला प्रेमाने आणि अत्यंत स्पष्टपणे सांगतात. त्यानंतर मला फारसे काही उरत नाही.

हिशेबनीस:

निवडणुकीचा नियम चांगला आहे. आमच्या कमिटीपुढे मांडेन, विरोध होईल हे धरूनच. गुप्ततेची अट लेखी आहे का?

नाशिकचा पाळक (धागाकर्ता):

होय, लेखी आहे आणि उपासनेत सर्वांसमोर वाचली जाते. घरातील माणसांना कळले पाहिजे की पाळकाबरोबर आलेला मुलगा काय ऐकू शकतो आणि काय ऐकू शकत नाही. कौटुंबिक कलह, आजाराचे स्वरूप किंवा पैशांची अडचण निघाली की तो बाहेरच्या खोलीत जातो. तसे आधीच ठरलेले असते.

द्राक्षबाग:

मी दिंडोरीकडचा आहे. आमची मंडळी लहान आहे, पाळक महिन्यातून एकदा येतात आणि बाकीचे रविवार आम्हीच चालवतो. उपासनाक्रम वाचायला दोघे-तिघे आहेत, उपदेशाच्या नावाखाली मात्र जुन्या वह्यांतील तेच ते वाचले जाते. उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचे आठवडे) बहुधा द्राक्षकाढणीच्या हंगामातच येतो. पहाटेपासून लोक बागेत असतात, त्यामुळे बुधवार-शुक्रवारच्या घरगुती प्रार्थनांना कोणी येत नाही आणि येणारा बसल्या जागी झोपतो. आपल्या गटातील तरुण इकडे येऊ शकतील का?

नाशिकचा पाळक (धागाकर्ता):

येतील, पण तुमच्याकडील दोघे-तिघे मागे बसून ऐकणार असतील तर नाही. आमचा एक येईल आणि तुमच्यापैकी एकजण त्याच्याबरोबर बोलेल अशी जोडी लावू. उतारा दोघांना एकाच दिवशी फोनवर सांगेन आणि तयारी त्यांनी मिळून करावी. हंगामात संध्याकाळची घरगुती प्रार्थना सोडून द्या. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मांडवाखालीच एक स्तोत्र आणि एक प्रार्थना, एवढे ठेवा. बागमालक दुसऱ्या धर्माचे असतील तर त्यांना आधी विचारा, आणि मजुरांपैकी ज्यांना बसायचे नाही त्यांची जेवणाची वेळ मोडू देऊ नका. तुमच्या पाळकांची संमती मी त्यांच्याशी बोलून घेतो. ते झाले की उपवासकाळाच्या पहिल्या रविवारपासून सुरू करू. मला व्यक्तिगत निरोपातून गावाचे नाव आणि उपासनेची वेळ कळवा.